वाचकांचे प्रश्न : दंडावरची तार आणि अंगातली साखर

गेल्या अंकातील मधुमेहावरच्या लेखात दंडावर चिकटवायच्या, अंगातली साखर सतत मोजून फोनवर दाखवणाऱ्या ग्लुकोज सेन्सरचा उल्लेख जेमतेम चार ओळींत उरकला होता. त्या चार ओळींनी जेवढी पत्रे आणली, तेवढी उरलेल्या लेखाने आणली नाहीत. पत्रे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गावांतून आली आहेत आणि दोन गोव्यातून आली आहेत. गोव्याच्या पत्रांचे नवल वाटले नाही, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटींच्या घरात आढळले, आणि त्यांचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, गोव्यातच होते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ७१ आहे. मुलाने मुंबईहून सेन्सर आणून दंडावर लावून दिला. मे महिन्यात जेवणात आमरस झाला आणि पाऊण तासाने फोनवर पाहिले तर साखर १४६ होती. शंका आली म्हणून लगेच बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहिले, तर १८२. यांतले खोटे कोणते? त्यातच एकदा पहाटे तीनला गजर होऊन फोनने ५८ दाखवले, तेव्हा बोटातून ११० आली. तेव्हापासून आमची सौ. 'ते आधी काढून टाका' म्हणत आहे.
— एक वाचक, अंजनवेल

उत्तर : आमरसाच्या दिवशी दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ती दोन वेगळ्या जागांची साखर सांगत होती. बोट टोचल्यावर येते ते केशवाहिन्यांतले रक्त. सेन्सरची तार मात्र रक्तवाहिनीत शिरतच नाही. शिवणाच्या सुईपेक्षाही बारीक असलेली ती तार कातडीखाली सुमारे पाच मिलिमीटर जाते आणि पेशींभोवतीच्या द्रवात बुडून राहते. रक्तातील ग्लुकोज केशवाहिन्यांच्या भिंतीतून पाझरून या द्रवात येते आणि त्याला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. आपण खाडीच्या मुखाशी राहता, त्यामुळे हे आपल्याला अधिक सांगायला नको. अंजनवेलला भरतीचे पाणी चढू लागते त्याच क्षणी ते आत गोवळकोटच्या धक्क्याला चढत नाही, आणि मुखाशी ओहोटी लागली तरी आतले पाणी काही वेळ चढतच असते. बोट म्हणजे अंजनवेल आणि तार म्हणजे गोवळकोट, असे समजावे.

आता आपल्या आकड्यांचा हिशेब मांडून पाहू. आमरसानंतर साखर मिनिटाला दोन मिलिग्रॅमने चढत होती आणि उशीर दहा मिनिटांचा होता असे धरले, तर त्या एका कारणानेच सेन्सर वीसने मागे असणार. म्हणजे १८२ च्या जागी १६२. उरलेला सोळाचा फरक यंत्रांच्या मान्य त्रुटीत सहज मावतो. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभरच्या वरच्या साखरेत १५ टक्क्यांपर्यंतची चूक चालते, म्हणजे खरी साखर १६० असताना १८२ दाखवणारा मीटरही नियमात बसतो. आजच्या चांगल्या सेन्सरांची सरासरी चूक आठ ते दहा टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा दोन्ही यंत्रांची तुलना करायचीच असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, साखरेची दिशा दाखवणारा फोनवरचा बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर असताना करावी. बाण वर किंवा खाली वळलेला असताना केलेली तुलना म्हणजे भरती चालू असताना दोन धक्क्यांवर पाणी मोजण्यासारखे आहे. खरे तर या यंत्राचा उपयोग आकड्यापेक्षा त्या बाणात अधिक आहे, कारण बोट टोचून साखर किती ते कळते, ती कुठल्या दिशेला चालली आहे ते कळत नाही.

पहाटेच्या ५८ चे कारण बहुधा वेगळे आहे. आपण सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे त्या जागेचा रक्तपुरवठा आणि द्रव कमी होतो, आणि तार तेवढ्या भागातली खालावलेली साखर इमाने इतबारे कळवते. कूस बदलली की थोड्या वेळाने आकडा आपोआप वर येतो. पुढच्या खेपेस सेन्सर दुसऱ्या दंडावर लावून पाहावा. मात्र आपण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर असा गजर कधीही गृहीत धरून बंद करू नये. उठून बोट टोचावे. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे असतील आणि फोन 'सर्व ठीक' म्हणत असेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवावा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यामुळे काही सेन्सर साखर खोटीच वाढवून दाखवतात. सौ.ंची झोपमोड झाली हे खरे, पण यंत्र काढण्याआधी कूस बदलून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : धातूच्या तारेला साखर ओळखता कशी येते? इतक्या रेणूंच्या गर्दीत ती नेमकी ग्लुकोजच कशी निवडते?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : तार ओळखत नाही, तारेवर बसवलेले विकर, म्हणजे एन्झाइम ओळखते. त्याचे नाव ग्लुकोज ऑक्सिडेज. ते बुरशीपासून मिळवतात, आणि त्यांतली एक बुरशी तुमच्या स्वयंपाकघरात असण्याचा दाट संभव आहे : पावसाळ्यात कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते, ती बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायजर असते. हे विकर ग्लुकोजच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. प्लॅटिनमच्या तारेवर ठरावीक विद्युतदाब ठेवला की हे पेरॉक्साइड तिथे तुटते आणि तारेतून अत्यल्प प्रवाह वाहतो. ग्लुकोज जितके जास्त, तितका प्रवाह जास्त. फोन दाखवतो तो आकडा मुळात हा प्रवाह असतो.

ही कल्पना अमेरिकन संशोधक लेलँड क्लार्क यांची. रक्तातील ऑक्सिजन मोजणारा विद्युताग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, त्यांनी १९५६ साली मांडला होता. १९६२ साली चॅम्प लायन्स यांच्यासह त्यांनी त्या विद्युताग्रावर विकराचा थर देण्याची कल्पना प्रसिद्ध केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या निबंधाच्या शीर्षकातच हृदयशस्त्रक्रियेतील 'सतत मोजणी' हे शब्द होते. म्हणजे सततपणा ही नंतर सुचलेली सोय नव्हे, मूळ उद्देशच तो होता. तरीही माणसाच्या कातडीखाली दिवसेंदिवस राहणाऱ्या पहिल्या ग्लुकोज सेन्सरला अमेरिकेत मान्यता मिळायला १९९९ साल उजाडले, आणि तोही तीन दिवसांची नोंद नंतर डॉक्टरांना वाचायला देणारा होता.

मधल्या अडचणींतली एक तुमच्या अभ्यासाशी जवळची आहे. पेशींभोवतीच्या द्रवात ग्लुकोजच्या मानाने ऑक्सिजन फारच थोडा असतो. त्यामुळे साखर खूप वाढली की विकराला ऑक्सिजन पुरत नाही आणि प्रवाह वाढायचा थांबतो. यावर एक उपाय म्हणजे ग्लुकोजला अडवणारे आणि ऑक्सिजनला जाऊ देणारे पातळ आवरण. दुसरा म्हणजे ऑक्सिजनवर अवलंबूनच न राहता ऑस्मियम धातूच्या संयुगांकरवी इलेक्ट्रॉन थेट तारेपर्यंत पोचवणे. बाजारातील उत्पादनांत दोन्ही मार्ग दिसतात.

प्रश्न : मी तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. भातलावणीनंतर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण सुरू होतात. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनसाठी त्यांचे नमुने दिवसातून दोनदा येतात आणि अहवाल हाती पडेपर्यंत कधी कधी रुग्णाला गोव्याला किंवा कोल्हापूरला हलवलेले असते. साखरेसारखे क्रिएटिनिन किंवा रक्तातील औषधाची पातळी सतत का मोजता येत नाही? साठ वर्षांत फक्त ग्लुकोजच कसे जमले?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : या प्रश्नासाठी सदराची निम्मी जागा द्यावी असे वाटते, कारण या तंत्राची खरी गाठ इथेच आहे.

ग्लुकोज हा नशीबवान रेणू आहे. रक्तात तो भरपूर असतो, त्याच्यासाठी निसर्गाने एक चिवट विकर तयार ठेवले आहे, आणि ते विकर ग्लुकोजला धरून बसत नाही. काम होताच सोडते आणि पुढचा रेणू घेते. सतत मोजणीचे सारे रहस्य या सोडण्यात आहे. आपल्या प्रयोगशाळेतील बहुतेक चाचण्यांत सोडण्याची गरजच नसते. गर्भधारणेची पट्टी घ्या. तिच्यावरचे प्रतिपिंड संप्रेरकाला असे पकडतात, की रेघ उमटली ती उमटली. खडकाला चिकटलेले कालव कोयतीने उचकटल्याशिवाय सुटत नाही, तशी ती पकड असते. एकदाच वापरायच्या पट्टीत हा गुण आहे, पण शरीरात ठेवायच्या तारेत तोच दोष ठरतो, कारण पातळी उतरली तरी तार जुन्याच रेणूंना धरून बसेल आणि तासाभरापूर्वीची बातमी आताची म्हणून सांगेल. आपण नमुना घेतो, गाळतो, रसायने घालतो, धुतो. शरीरात यांतले काहीही करता येत नाही.

आता क्रिएटिनिन. त्याच्यासाठी विकरांचा मार्ग आहे, पण तो तीन पायऱ्यांचा आहे : पहिले विकर क्रिएटिनिनचे क्रिएटिन करते, दुसरे क्रिएटिनचे सार्कोसिन करते आणि तिसरे सार्कोसिनपासून पेरॉक्साइड काढते. अडचण मधल्या पायरीवर येते. क्रिएटिन शरीरात मुळातच असते आणि तारेला 'माझे' क्रिएटिन आणि 'मूळचे' क्रिएटिन यांतला भेद कळत नाही. आपल्या यंत्रात मूळचे क्रिएटिन आधी संपवून मग मोजणी सुरू करता येते; दंडात ती सवलत नाही. शिवाय निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात ग्लुकोज १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर क्रिएटिनिन एखादा मिलिग्रॅम. म्हणजे वजनाने शंभर पट आणि रेणूंच्या संख्येने साठेक पट कमी. माझे स्पष्ट मत असे, की क्रिएटिनिनची सतत मोजणी साधली तरी आपल्या रुग्णांना तिचा लाभ मर्यादितच होईल, कारण मूत्रपिंडाला इजा झाल्यावर क्रिएटिनिन वाढायलाच कित्येक तास, कधी दिवसही लागतात. तिथे तारेपेक्षा नमुना वेळेत पोचवणारी गाडी अधिक उपयोगाची.

औषधांची गोष्ट मात्र निराळी आहे. नवजात बाळाला जंतुसंसर्गासाठी देतात ते जेन्टामायसिन घ्या. ते कमी पडले तर जंतू मरत नाहीत आणि जास्त झाले तर मूत्रपिंड आणि कान यांना इजा होते. पातळी तासातासाला बदलते आणि बाळाचे रक्त वारंवार काढता येत नाही. इथे सतत मोजणीने उपचाराचे स्वरूपच बदलू शकेल, आणि नेमके याच औषधांवर मोठे काम झाले आहे. त्यातले मुख्य साधन म्हणजे अ‍ॅप्टामर. ही प्रयोगशाळेत निवडून घेतलेली डीएनए किंवा आरएनएची छोटी साखळी असते. अब्जावधी यादृच्छिक साखळ्यांतून हव्या त्या रेणूला धरणारी साखळी वेचण्याची पद्धत १९९० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली.

या साखळीचे एक टोक सोन्याच्या तारेवर रोवतात आणि दुसऱ्या टोकाला मिथिलीन ब्ल्यू जोडतात. हा निळा रंग आपल्या फडताळात असेलच. औषधाचा रेणू येऊन बसला की साखळी मिटते, तिच्या टोकाचा रंग सोन्याच्या जवळ येतो आणि इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण भराभर होऊ लागते. रेणू निघून गेला की साखळी पुन्हा उलगडते. बांधावरची लाजाळू बोट लावताच मिटते आणि थोड्या वेळाने उघडते, तसेच हे. फरक इतकाच की इथे मिटणे-उघडणे काही सेकंदांत होते. ना काही धुवावे लागते, ना काही घालावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील केव्हिन प्लॅक्सको यांच्या गटाने २०१७ साली अशी तार जाग्या, हिंडत्याफिरत्या उंदरांच्या रक्तवाहिनीत ठेवून जेन्टामायसिनसह अनेक औषधांची पातळी दर काही सेकंदांनी आणि कित्येक तास मोजून दाखवली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या टॉम सोह यांच्या गटाने त्यापुढचे पाऊल दाखवले : सेन्सरचा आकडा थेट औषध सोडणाऱ्या पंपाला देऊन जिवंत प्राण्याच्या रक्तात औषधाची पातळी ठरवलेल्या रेषेवर राखली.

मग हे आपल्या रुग्णालयात का नाही? कारण या तारेचे 'कित्येक तास' आणि दंडावरच्या ग्लुकोज सेन्सरचे 'चौदा दिवस' यांत अजून मोठे अंतर आहे. रक्तातील प्रथिने तारेवर थर धरतात, साखळीला सोन्याशी जोडणारे बंध सुटत जातात, रक्तातली विकरे डीएनएच खाऊ लागतात, आणि आकडा हळूहळू घसरतो. त्या घसरणीची दुरुस्ती गणिताने काही प्रमाणात करता येते, पण सुटून गेलेली साखळी गणिताने परत येत नाही. याहून अवघड म्हणजे इन्सुलिनसारखी संप्रेरके. उपाशीपोटी इन्सुलिनचे रेणू ग्लुकोजच्या मानाने कोट्यवधी पटींनी कमी असतात. इतक्या विरळ रेणूंना पकडायला पकड घट्ट हवी, आणि पकड घट्ट केली की सोडणे मंदावते. लाजाळू हवी, पण तिने कालवासारखे धरले पाहिजे, असा हा पेच आहे.

प्रश्न : बाजारात दोन हजारांचे एक मनगटी घड्याळ मिळते. सुई न टोचता साखर दाखवते असे दुकानदार सांगतो. ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटाला लावून कळतो, तर साखर का कळू नये?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा देऊन सांगितले, की कातडीला छेद न देता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावरच्या सेन्सरचा आकडा नुसता दाखवणारे घड्याळ वेगळे. ते केवळ पडदा असते.

चिमट्याची तुलना आपण योग्य केली आहे आणि उत्तरही तिच्यातच आहे. करोनाच्या काळात घरोघरी पोचलेल्या त्या यंत्राचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. ते चालते, कारण हिमोग्लोबिन रंगीत आहे आणि भरपूर आहे. ऑक्सिजन असताना आणि नसताना त्याचा रंग बदलतो आणि तांबडा व अवरक्त अशा दोन प्रकाशांत तो फरक लख्ख दिसतो. ग्लुकोजला रंगच नाही. अवरक्त प्रकाशात त्याची जी पुसट खूण उमटते ती पाणी, चरबी आणि प्रथिने यांच्या खुणांखाली गाडली जाते. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००१ साली मान्यता मिळालेले एक घड्याळ सौम्य विद्युतप्रवाहाने कातडीतून द्रव ओढून साखर मोजत असे. कातडी चुरचुरे आणि लाल होई, आणि काही वर्षांत ते मागे पडले. अश्रूंतील साखर मोजणारे भिंग गुगलने २०१४ साली जाहीर केले, २०१८ साली ते काम थांबले, कारण अश्रूंतील आणि रक्तातील साखरेचा मेळ भरवशाने बसेना. घामात तर साखर रक्ताच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतकीच, आणि कोकणातल्या दमट हवेत घाम कमी नाही एवढेच काय ते समाधान. जिथे मोठमोठ्या प्रयोगशाळा थांबल्या तिथे दोन हजारांचे घड्याळ पोचले असेल, यावर विश्वास ठेवून कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवली तर ते जिवावर बेतेल.

प्रश्न : आमचा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढण्याचा धंदा आहे. खारे पाणी आणि घाम यांत सेन्सर टिकेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दंडावरचे प्रचलित सेन्सर साधारण एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतील असे बनवलेले असतात. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोर ओढण्याने सेन्सरला धोका नाही. धोका आहे तो दोराच्या घर्षणाने तो उपटला जाण्याचा. त्यामुळे ज्या खांद्यावरून दोर जातो त्याच्या विरुद्ध दंडावर लावावा. लावण्याआधी जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, खोबरेल तेल त्या दिवशी त्या दंडाला लावू नये, आणि वरून पट्टी चिकटवायची तर सेन्सरचे छिद्र झाकू नये. न वापरलेला सेन्सर होडीत किंवा उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये. विकर हे प्रथिन आहे, ते उष्णतेने मरते. वेष्टनावर छापलेल्या तापमानाच्या मर्यादेतच तो ठेवावा.

प्रश्न : चौदा दिवसांनी सेन्सर आपोआप बंद पडतो. एवढे पैसे घालून घेतलेली वस्तू आणखी आठवडाभर का चालवू नये? भाचा म्हणतो, ती कंपनीची युक्ती आहे आणि तो पुन्हा सुरू करता येतो.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : विक्रेत्याचा फायदा त्यात आहे हे मी नाकारत नाही, पण मूळ कारण शरीराचे आहे. करवंदीचा काटा पायात मोडून राहिला तर काही दिवसांत त्याभोवती मांस धरते. शरीर परकी वस्तू ओळखते आणि तिला भिंत बांधून वेगळी काढते. तारेचेही तसेच होते. पहिल्या दिवशी टोचल्याच्या जखमेमुळे आकडे थोडे बेभरवशाचे असतात. नंतर ते स्थिरावतात. त्यानंतर पेशी आणि तंतू तारेभोवती जमू लागतात, ग्लुकोज पोचायला वेळ लागतो आणि तारेवरचे विकरही थकत जाते. कारखान्यात प्रवाहाचे साखरेत रूपांतर करण्याचे जे गणित सेन्सरमध्ये घातलेले असते, ते चौदा दिवसांपुरतेच तपासलेले असते. पुन्हा सुरू केलेला सेन्सर आकडा दाखवील, आणि तो पूर्वीइतकाच ठाम दिसेल. अडचण ती आहे.

अधिक काळ टिकणारा मार्ग वेगळ्या रचनेतून आला आहे. डॉक्टरांनी छोटा छेद देऊन कातडीखाली ठेवायची एक कुपी असते. तिच्यात विकर नसते. ग्लुकोजशी जोडले गेल्यावर चमकणारे रसायन असते, आणि भोवतालच्या मांसाने भिंत बांधू नये म्हणून तिच्या कडेने दाह शमवणारे स्टेरॉइड अत्यल्प प्रमाणात झिरपत राहते. अशा एका कुपीला सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ३६५ दिवसांच्या वापराची मान्यता मिळाली.

भाच्याचा उत्साह दुसऱ्या एका कामाकडे वळवता येईल. सेन्सर लावण्याच्या प्लास्टिकच्या साधनात सुई राहते, आणि ते घरच्या कचऱ्यात गेले की कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागते. ते साधन आणि उतरवलेला सेन्सर जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत साठवावेत आणि बरणी भरली की जवळच्या दवाखान्यात जैववैद्यकीय कचऱ्यासाठी द्यावी.